एक रुपया दंड, एक रुपया भत्ता
(वर्ग आणि वर्तन : लेखांक 9)

या आठवड्यात शिक्षा आणि ऋण प्रबलन यांच्यातला फरक घ्यायचा होता. तो आता पुढच्या खेपेला. शहादा तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न काही केल्या बाजूला ठेववत नाही. त्या विचारतात, ‘प्रबलनाने, म्हणजे वर्तनामागोमाग मिळणाऱ्या फळाने, वर्तन टिकतं म्हणता; मग मुलींना सरकार रोज एक रुपया देतं, तरी हजेरी का टिकत नाही?’

हा उपस्थिती भत्ता 1992 पासूनचा. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेच्या प्रत्येक दिवसामागे 1 रुपया. हजेरी 75 टक्के भरली पाहिजे, आणि वर्षाला फार तर 220 रुपये. योजनेमागची कळकळ खरी आहे. पण थॉर्नडाइकची पेटीत कोंडलेली मांजरं आठवा. खटका दाबला, दार उघडलं, समोर मासा. खटका आणि मासा यांत वेळ जातच नव्हता, म्हणून खटका दाबणं पक्कं झालं. इथे मुलगी आज सकाळी धाकट्या भावाला आजीकडे सोपवून, केस विंचरून शाळेत येते आणि तिचा रुपया हिशेबात साठत राहतो. तो घरी पोचेल तेव्हा आजची सकाळ तिला आठवणारही नाही. म्हणजे तिच्या येण्याला प्रबलन मिळालंच नाही. राहिले आईबाप. मुलीने भावाला सांभाळलं की आई मिरची तोडायला मोकळी होते, आणि एखाद-दोन दिवसांच्या मजुरीत वर्षाचा भत्ता भरून निघतो. बाई, रुपया हरतो तो इथे.

याच रुपयाचा जुना अवतार मला फार विचार करण्याजोगा वाटतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया जड होता. महाराजांनी नेम धरला तो मुलावर नव्हे, मुलाला पाठवायचं की नाही हे ठरवणाऱ्यावर. पोराला धाडलं की दंड टळतो. हे ऋण प्रबलन आहे. पुढच्या लेखासाठी हे उदाहरण लक्षात ठेवा, तिथे लागेल. वर्तन कुणाचं बदलायचं आहे हे आधी ठरवलं पाहिजे, ही गोष्ट महाराजांना वर्तनवादी स्किनरची पुस्तकं यायच्या कितीतरी आधी उमगली होती.

आता तांदूळ घ्या. 1995 मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा आपल्याकडे 80 टक्के हजेरीवर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. महिन्याचं धान्य, घरच्या डब्यात. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. धान्य सरकारचंच, पण ते आता त्याच दिवशी, त्याच मुलाच्या ताटात पडू लागलं. इथे प्रकाशा गावच्या शाळेत सुट्टीच्या आधीच्या तासाला फोडणीचा वास वर्गात येतो. पहिलीतली पोरं दप्तरातून ताटली काढून मांडीवर घेऊन बसतात. गुजरी बोलणारं, अहिराणी बोलणारं, भिलोरी बोलणारं, प्रत्येक पोर या वासाचा अर्थ जाणतं. खाण्याच्या खुणेनेच लाळ सुटणाऱ्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा लेखांक मी लिहिला तेव्हा हाच वर्ग डोळ्यांपुढे होता.

प्रबलन मात्र त्याच्या लगतच्या वर्तनालाच बळ देतं. खिचडी मुलाला खिचडीपर्यंत आणते. जेवण झाल्यावर दप्तर उचलून घरची वाट धरणारी मुलं पुष्कळ शाळांनी पाहिली आहेत. ती लबाड नसतात. दुपारी थांबण्याला काही प्रबलनच नसतं. उपाय बिनखर्ची आहे. मुलांना जिवापाड आवडणारी गोष्ट, कबड्डी असो की रोज एक प्रकरण पुढे सरकणारी कथा, शेवटच्या तासाला ठेवायची.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघणाऱ्या कुटुंबातलं मूल? तिथे प्रबलनाची चर्चा करू नये. बिऱ्हाडच उठलं तर मूल राहणार कुठे? त्याला हंगामी वसतिगृह हवं, वेळेवर सुरू झालेलं.

बाईंनी पत्राच्या शेवटी वह्यांबद्दलही विचारलं आहे. चार दिवसांनी तपासून दिलेल्या वहीतल्या लाल खुणेकडे मुलं बघतही नाहीत, अशी त्यांची तक्रार. त्याचं कारणही उशीरच. 11 नोव्हेंबर 1953 रोजी स्किनर मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून बसला होता. गणिताचा तास चालू होता. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हतं, आणि कुणी सगळं संपवून रिकामं बसलं होतं तर कुणी पहिल्याच गणितावर अडलं होतं. तो अस्वस्थ होऊन घरी गेला आणि त्याने शिकवण्याचं यंत्रच बनवलं, उत्तर दिल्याबरोबर निकाल सांगणारं.

आपल्याकडे ते यंत्र आधीपासून होतं: पाटी. फळ्यावर 52 वजा 27. ‘दखाड!’ (दाखव!) म्हणायचा अवकाश, सगळ्या पाट्या वर. एका पोरीच्या पाटीवर 35. तिने दोहोंतल्या मोठ्या अंकातून लहान वजा केला आहे, हे बाईंना लांबूनच दिसतं. ‘दोनातून सात जातील का गं?’ ती पाटीकडे बघते, बाहीने एकक पुसते, थांबते, दशकही पुसते. हातचा घेऊन 25 लिहिते आणि पाटी पुन्हा वर. ‘दशक मोडलास, बरोबर!’ एवढे तीन शब्द, तिथल्या तिथे. नुसतं ‘शाबास’ म्हणू नका. काय जमलं त्याचं नाव घ्या, म्हणजे नेमकं तेच वर्तन पक्कं होतं.

पाट्या नसतील तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा आणि पुसता येणारा मार्कर द्या. पहिले काही दिवस प्रत्येक उत्तराला दाद द्या. हात बसला की मधूनमधून, केव्हा मिळेल याचा अंदाज येणार नाही अशी. तशी मिळालेली दाद वर्तनाला अधिक काळ टिकवते. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. बाई, आधी वजाबाकीवरच करून बघा, आणि काय झालं ते कळवा.