मठाचे पंचांग

आपल्या झाडीपट्टीत वर्ष मोजायचे ते धानावरून. मृगाचा पाऊस झाला की पऱ्हे, आषाढात रोवणी, श्रावण सरता सरता पोळा, आणि दिवाळीनंतर एकीकडे कापणी तर दुसरीकडे गावोगावच्या मंडया. मी बँकेत होतो तेव्हा माझे वर्ष मात्र ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च या दोन खुंट्यांना टांगलेले असे. घरच्या लग्नमुंजीही त्या बेताने ठरत. ज्याचा जसा व्यवसाय तसे त्याचे पंचांग. ख्रिस्ती मठात राहणाऱ्या धर्मभगिनींचेही असेच एक स्वतंत्र पंचांग असते, आणि त्याचा आपल्या मराठी मुलुखाशी दीडशे वर्षांहून थोडा कमी एवढा जुना संबंध आहे.

हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि त्यातला पहिला रविवार हा यांचा पाडवा. त्या काळात वेदीवर जांभळे वस्त्र असते. नाताळला पांढरे. पुढे शिमग्याच्या आगेमागे राखेचा बुधवार येतो, त्या दिवशी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, म्हणजे पुन्हा जांभळे. ईस्टरला पांढरे, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्टला लाल. आणि मग बहुधा जूनच्या सुमाराला जे हिरवे वस्त्र चढते, ते मधले सणवार सोडले तर थेट नोव्हेंबर अखेरपर्यंत. युरोपातल्या हवामानावर बेतलेले हे पंचांग, पण या एका बाबतीत ते आपल्याकडे किती चपखल बसते पाहा. मृगापासून धान कापणीपर्यंत बाहेर शेत हिरवे आणि आत वेदी हिरवी!

नन म्हटली की आपण ती कॅथलिकच असणार असे धरून चालतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने पोपशी फारकत घेतली आणि १५३६ ते १५४० या काळात देशातले सगळे मठ बंद केले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये मठ असा नव्हताच. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा निघू लागले. त्यांपैकी एक वाँटेज या लहानशा गावचा. तिथले धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ साली तो काढला. याच चर्चच्या अमेरिकेतल्या शाखेला एपिस्कोपल म्हणतात. तिथेही १८६५ साली न्यूयॉर्कला असा एक भगिनीसंघ निघाला. १८७८ साली मेंफिस शहरात पीतज्वराची साथ आली, ज्याला शक्य होते तो गाव सोडून पळाला, आणि या संघाच्या सिस्टर कॉन्स्टन्स व त्यांच्या सोबतिणी रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच तापाने गेल्या. ९ सप्टेंबर हा त्यांचा स्मरणदिन आजही पाळतात.

वाँटेजच्या भगिनी पुण्याला आल्या त्या १८७७ साली, लष्कर भागातली सेंट मेरीज शाळा चालवायला. पुढे गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्येही त्यांचे काम उभे राहिले. त्या पेठेतून गेलेल्या माणसाला पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा आठवत असेल, तोच तो परिसर. शाळा, अनाथ मुली, आजारी बायका असा त्यांचा व्याप. शाळेतल्या बाईंना दुपारी घंटा झाली की सुटका असते. यांचा दिवस मात्र जुन्या शिरस्त्याप्रमाणे सात वेळच्या प्रार्थनांनी बांधलेला. पहाटेची, मग थोड्या थोड्या वेळाने दिवसभर, सांजवेळेची, आणि निजण्यापूर्वीची शेवटची. त्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत बोलायचे नाही. (हा नियम घरोघर लागू करावा असे सुचवण्याचा मोह मी आवरतो.)

व्रते तीन. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि अपरिग्रह. तिसऱ्या व्रताकडे मी साहजिकच बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. अशा संस्थेचे खाते संस्थेच्या नावाचे असते, दोघींच्या सह्या लागतात, आणि त्या सह्या करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर एक पैसा नसतो. पुस्तकात शिल्लक दिसते ती कोणाचीच नाही.

आणि बातम्या? असे मठ आपल्या सुहृदांना अधूनमधून पत्रे पाठवतात. कोणी नवदीक्षा घेतली, कोणाच्या व्रताला पन्नास वर्षे झाली, कोण देवाघरी गेली, छप्पर गळते आहे, बागेत यंदा फळ बरे आले. माहेरच्या पत्रात असावे तसे सगळे. पण वाँटेजहून निघालेल्या आणि तिथे पोचलेल्या पत्रांपैकी महाराष्ट्राला खरी किमतीची ठरली ती या छापील पत्रांहून निराळी, अगदी खाजगी आहेत.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. विधवा, वय पंचविशीचे, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. पुण्यातल्या वाँटेजच्या भगिनींशी त्यांची ओळख झाली होती, म्हणून उतरल्या त्या वाँटेजच्याच मठात. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. हा दिवस मठाच्या पंचांगात संत मायकेल आणि सर्व देवदूतांचा. इंग्लंडात तो खंडफाळा चुकवण्याचा, हिशेब मिटवण्याचाही दिवस असे. आमच्या सहामाही क्लोजिंगच्या आदल्या दिवशी रमाबाईंचे आयुष्य पालटले, हा निव्वळ योगायोग, पण माझ्या तो ध्यानात राहिला आहे.

मठात त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, कारण त्या मनोची धर्मातली आजी. या आजीबाईंनी मनोवर जीव लावला. रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकायला, शिकवायला गेल्या तेव्हा मूल बराच काळ मठातच होते. पण रमाबाईंचे आणि त्यांचे पटले नाही. पत्रांतून दोघी वर्षानुवर्षे भांडल्या. भांडण वरवर धर्मतत्त्वांचे. पण कशाकशावरून पेटते ते पाहा. रमाबाई शाकाहारी. पुडिंगमध्ये अंडे असते म्हणून त्या ते खात नाहीत. सिस्टरांना वाटे, ही ब्राह्मणी जातीचा अभिमान अजून सोडत नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे आहेत. रमाबाईंचा प्रश्न, लॅटिन तुमच्याही लोकांना कळत नाही, मग संस्कृत का नको? पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातले बिशपसुद्धा मधे पडले. लहानपणापासून पुरुषांच्या भर सभेत पुराण सांगत आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल!

मला या दोघींतल्या एकीला खलनायिका ठरवता येत नाही. जेराल्डिनबाईंचे प्रेम खोटे नव्हते. मात्र श्रद्धा आणि इंग्रजी ताट या दोन वस्तू वेगळ्या करता येतात, हे त्यांना उमगले नाही. रमाबाईंना ते पहिल्या दिवसापासून उमगले होते. पूर्वजांच्या ज्या चालीरीती पाळता येतील त्या मी पाळीन, अशीच त्यांची भूमिका होती.

ताटाची गोष्ट आपल्याकडेही काही हलकी नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या त्याच आवारात व्याख्यानाला गेलेल्या पुणेकर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसे त्यात होती. त्या एका कपावरून ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते झाली. म्हणजे एका बाजूला अंडे न खाणारी ख्रिस्तीण संशयित, दुसऱ्या बाजूला चहा प्यालेला हिंदू संशयित.

रमाबाई १९२२ साली गेल्या. त्याच वर्षी जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी अहमदनगर भागात ख्रिस्त सेवा संघ काढला. इंग्रज आणि हिंदी सभासदांनी एकत्र राहायचे, खादी नेसायची, जमिनीवर बसून देशी जेवण जेवायचे. पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. त्यात आलेले व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे १९३२ साली गोंडांत राहायला मंडला जिल्ह्यात करंजियाला गेले, हे आपल्या बाजूच्या पुष्कळांना ठाऊक असेल. आपल्या गोंदियाच्या सीमेला लागून बालाघाट, आणि त्याच्या पलीकडे मंडला. पण हा संघ पुरुषांचा होता आणि हळूहळू तो ओसरला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक पंथांची चर्चे एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाले. अँग्लिकन चर्च त्यात विलीन झाले. आणि १९७२ साली शिवाजीनगरचा तो आश्रम पुन्हा नांदता झाला, या वेळी बायकांचा. सोफिया कॉलेज चालवणाऱ्या कॅथलिक संघाच्या काही भगिनी आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी एका छताखाली राहू लागल्या. कॅथलिकांच्या बाजूने मुंबईच्या पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी होत्या, आणि शंकराचार्यांच्या वेदान्तावर प्रबंध लिहिणाऱ्या सारा ग्रांट होत्या. चटईवर बसून प्रार्थना, आरती, बायबलबरोबर उपनिषदांचे वाचन, संस्कृत स्तोत्रे, शाकाहारी जेवण. चर्चमधल्या काहींना हे रुचले नाही, देवळातले हिंदूही बिचकले. पण वाँटेजच्या ज्या मठात अंड्याच्या पुडिंगवरून आणि लॅटिन अक्षरांवरून वाद झाला, त्याच मठाच्या भगिनींनी एकोणनव्वद वर्षांनी रमाबाईंचे ताट आणि रमाबाईंची भाषा दोन्ही स्वीकारली. हे त्यांनी रमाबाईंना स्मरून केले असे मी म्हणत नाही. मला त्यात एक जुनी उधारी चुकती झालेली दिसते, एवढेच.

उशीर मात्र झाला होता. तोवर इंग्लंडातून नव्या मुली येणे जवळपास थांबले होते. सेंट मेरीजशी या भगिनींचा संबंध जवळजवळ शतकभर राहिला आणि मग संपला. खुद्द वाँटेजच्या मठातही पडझड झाली. १ जानेवारी २०१३ रोजी तिथल्या अकरा भगिनी रोमन कॅथलिक चर्चमध्ये गेल्या. मागे उरल्या त्या थोड्या आणि बहुतेक वृद्ध. पाने लावायला चार हात पुरेनात तेव्हा सातांपैकी किती प्रार्थना म्हणायच्या, हा प्रश्न अशा मठांना आज जगभर पडतो आहे.

त्या भांडणाची पत्रे जपली कोणी? तर आजीबाईंनीच. सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची आणि इतरांची पत्रे जुळवून ठेवली, स्वतःच्या विरुद्ध जाणारीसुद्धा. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापली. एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाली तर अवश्य घ्या. धर्मचर्चेची पाने जड वाटली तर पुढे सरकावे. मनोच्या खुशालीची चार ओळींची पत्रे आधी वाचावीत.