भूमिगत इंधन टाक्यांतील गळती

पेट्रोलपंपांवर पेट्रोल, डीझेल इ. द्रव इंधने आगीचे भय व जागेची अडचण यांमुळे जमिनीखालील टाक्यांत साठवितात. टाकी, नळ वा सांधे यांतून इंधन झिरपल्यास मृदा व भूजल दूषित होतात. टाकी दृष्टीआड असल्याने गळती बहुधा दीर्घकाळ लक्षात येत नाही. ताशी पाऊण लिटर गळती क्षुल्लक वाटते. परंतु महिन्याकाठी ती सु. ५४० लिटर भरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साध्या पोलादाच्या जुन्या टाक्या गंजल्याने हा प्रश्न उग्र बनला. तेथे १९८४ मध्ये कायदा झाला व १९८८ मध्ये तपशीलवार नियम आले. त्यांनुसार जुन्या टाक्या २२ डिसेंबर १९९८ पर्यंत सुधारणे, बदलणे वा बंद करणे सक्तीचे झाले.

पोलादी टाकीला जस्ताचे वा मॅग्नेशियमाचे तुकडे जोडल्यास टाकीऐवजी तेच झिजतात. काचतंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकची टाकी गंजतच नाही. दुहेरी भिंतीची टाकी सर्वांत भरवशाची. कारण आतली भिंत फुटली, तरी इंधन दोन भिंतींमधील पोकळीत अडते व तेथील संवेदक सूचना देतो. रोजचा साठा व विक्री यांचा ताळा पाहण्याची जुनी रीत उपयुक्त असली, तरी फसवी आहे. २०,००० लिटर पेट्रोलचे तापमान १° से. उतरले, तर त्याचे घनफळ सु. १९ लिटरांनी घटते, म्हणजे वर सांगितलेल्या गळतीच्या दिवसभराच्या प्रमाणाइतके. म्हणून मापनात तापमानाची दुरुस्ती करावीच लागते.

गळती आढळताच टाकी रिकामी करतात आणि लगतच्या तळघरांत स्फोटक बाष्प साचले आहे काय, ते पाहतात. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. तो थर पंपाने उपसता येतो. मातीतील बाष्प निर्वाताने ओढून घेतात, तर उपसलेले पाणी सक्रियित कार्बनातून गाळतात. मातीच्या कणांमध्ये अडकलेले इंधन मात्र सहज निघत नाही व वर्षानुवर्षे पाण्यात थोडेथोडे उतरत राहते. त्यातील बेंझीन कर्ककारक आहे. ऑक्सिजन मिळाल्यास मातीतील सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात. त्यासाठी जमिनीत हवा सोडतात.

पेट्रोल अधिक पूर्णपणे जळावे म्हणून त्यात मिसळले जाणारे मिथिल टर्शरी ब्यूटिल ईथर याहून चिवट ठरले. ते पाण्यात चटकन विरघळते, त्याच्याबरोबर दूरवर जाते व सूक्ष्मजंतूंना सहजी दाद देत नाही. त्याच्यामुळे कॅलिफोर्नियातील सँता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपला सु. निम्मा पाणीपुरवठा करणाऱ्या विहिरी बंद करून बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरण यंत्रणा उभारून त्या पुन्हा वापरात येण्यास सु. १४ वर्षे लागली.