रडारजाळ्याचे संगणकीय प्रतिमान

हवाई संरक्षणासाठी उभारलेले रडारांचे जाळे खऱ्या शत्रूपुढे क्वचितच पारखले जाते. त्याची परीक्षा बहुतांशी संगणकातच घ्यावी लागते. विमाने, रडार-केंद्रे व त्यांना जोडणारे संदेशमार्ग यांची गणिती प्रतिकृती रचून तिच्यावर कल्पित आक्रमणे सोडावयाची, हे अशा प्रतिमानाचे कार्य होय. प्रश्न असा की, त्याने दिलेल्या ग्वाहीवर कितपत विसंबावे?

एकट्या रडारचे वर्तन आज्ञावलीत उतरविणे तुलनेने सोपे आहे. परत येणाऱ्या लहरींची शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून पल्ला दुप्पट करावयाचा, तर इतर गोष्टी तशाच असता प्रक्षेपणशक्ती १६ पट लागते. पृथ्वीच्या वक्रतेचेही गणित ठरलेले आहे. १६ मीटर उंचीवरील अँटेनाला १०,००० मीटर उंचीवरील विमान सुमारे ४२८ किलोमीटरवरून दिसू शकते. तेच १०० मीटर उंचीवरून आले, तर जेमतेम ५८ किलोमीटरवरून.

जाळ्याचे गणित मात्र फसवे आहे. एका रडारला विमान दिसण्याची संभाव्यता ०.८ मानली, तर तिघांपैकी निदान एकाला ते दिसण्याची संभाव्यता ०.९९२ येते. या आकड्याने कोणाचेही समाधान व्हावे. परंतु प्रत्येकाचे अपयश इतरांपासून स्वतंत्र आहे, हे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते. विमान दरीतून आले, तर तिन्ही रडारांच्या आड एकच डोंगररांग येऊ शकते. एकाच कंप्रतेवर चालणारी तिन्ही केंद्रे शत्रूच्या एकाच जॅमरने आंधळी होऊ शकतात. तेव्हा तीन रडार म्हणजे एकच रडार तीनदा मोजल्यासारखे होय. भूप्रदेशाची उंचसखलता आणि अपयशाची सामाईक कारणे प्रतिमानात आरंभीच घातली पाहिजेत; मागाहून घालू म्हटले की ती बहुधा राहूनच जातात.

इतके करूनही जगाचा काही भाग प्रतिमानाबाहेर राहतोच. क्षेपणास्त्रांची सूचना देणारी रडारयंत्रणा ही याच कुळातली. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथील अशा अमेरिकन केंद्राने मोठ्या क्षेपणास्त्रहल्ल्याचा इशारा दिला. वस्तुतः नॉर्वेच्या बाजूस चंद्र उगवत होता! लहरींना चंद्रापर्यंत जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. इतक्या विलंबाने प्रतिध्वनी येईल, ही गोष्ट रचनाकारांच्या हिशेबातच नव्हती. त्यामुळे दूरचा चंद्र जवळची क्षेपणास्त्रे ठरला. सोव्हिएट नेते ख्रुश्चेव त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते, ही गोष्ट इशाऱ्याविषयी शंका घेण्यास उपयोगी पडली. आज्ञावलीत तिला अर्थातच स्थान नव्हते.

९ नोव्हेंबर १९७९ रोजी घडले ते याच्या उलट. नोरॅड या अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त संरक्षण संघटनेच्या प्रत्यक्ष कामातील संगणकात कल्पित आक्रमणाची चाचणी-सामग्री शिरली आणि पडद्यांवर खरा हल्ला दिसू लागला. रडार व उपग्रह यांच्याकडील मूळ माहिती थेट ताडून पाहिली, तेव्हा आकाश मोकळे आढळले. त्यानंतर अशा चाचण्यांसाठी स्वतंत्र केंद्र उभारण्यात आले.