मॉडेल विमानासाठी पहिला ट्रान्समीटर निवडताना

रेडिओ नियंत्रणावर उडणारे छोटे विमान घ्यायचे ठरले की नवशिक्याचे लक्ष प्रथम विमानाकडे जाते आणि ट्रान्समीटर उरलेल्या पैशांत घेतला जातो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. शिकताना पहिले विमान आदळणार, मोडणार आणि बदलले जाणार, हे गृहीतच असते. हातातला ट्रान्समीटर मात्र चांगला निवडला तर पुढच्या अनेक विमानांना पुरतो.

कोलकाता हे या छंदाचे देशातील एक जुने केंद्र आहे. रसेल स्ट्रीटवरील ‘इंडियाज हॉबी सेंटर’चे नाव जुन्या हौशी मंडळींना परिचित आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतही छात्रांना मॉडेल विमाने बनविण्याचे व उडविण्याचे शिक्षण दिले जाते. मात्र दाट वस्तीच्या अशा महानगरात ट्रान्समीटरची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. संपर्क तुटलेले एक किलो वजनाचे विमान फिरत्या पंख्यासह माणसांत कोसळले, तर गंभीर इजा होऊ शकते.

कोणती कंप्रतरंगता?

पूर्वी २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालणारे संच वापरले जात. त्यांत प्रत्येक संचाला ठरावीक स्फटिक असे आणि एकाच मैदानात दोघांनी एकच वाहिनी सुरू केली, तर विमान हमखास कोसळत असे. आता २.४ गिगाहर्ट्झचे संच प्रचलित आहेत. त्यांतील ट्रान्समीटर आणि विमानातील रिसीव्हर यांची एकदा जोडणी करून द्यावी लागते. त्यानंतर बहुतेक संच सेकंदाला अनेक वेळा वाहिनी बदलत राहतात. त्यामुळे अनेक जण एकाच वेळी विमाने उडवू शकतात.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे. परदेशी संकेतस्थळांवर लांब पल्ल्यासाठी ९१५ मेगाहर्ट्झच्या संचांची शिफारस आढळते. परंतु आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी वापरला जातो. तो मोह टाळावा. साधारण मीटरभर पंखांचे विमान तीन-चारशे मीटरपलीकडे गेले की त्याचा कल डोळ्यांना नीट उमगत नाही. तेवढ्या अंतरासाठी २.४ गिगाहर्ट्झचा चांगला संच पुरेसा असतो. संच आयात केलेला असेल, तर त्यास भारतातील वायरलेस उपकरण-मान्यता आहे ना, हे विक्रेत्याला विचारावे.

वाहिन्या किती हव्यात?

विमानाचा वेग, नाकाची वर-खाली हालचाल, डावी-उजवीकडील वळण आणि पंखांचा कल यांसाठी अनुक्रमे थ्रॉटल, एलिव्हेटर, रडर आणि एलेरॉन अशा चार वाहिन्या लागतात. सहा वाहिन्यांचा संच घेतल्यास पुढे फ्लॅप किंवा आत घेता येणारी चाके जोडता येतात. नवशिक्याला त्याहून अधिकाची गरज नसते. वाहिन्यांच्या संख्येपेक्षा अनेक विमानांची जुळणी साठवणारी स्मृती आणि दांड्यांची प्रतिक्रिया सौम्य करण्याची सोय अधिक उपयोगी ठरते.

‘मोड’ हा मुद्दा अनेकदा दुर्लक्षिला जातो. मोड २ मध्ये थ्रॉटल व रडर डाव्या दांडीवर, तर एलिव्हेटर व एलेरॉन उजव्या दांडीवर असतात. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे येतो. भारतात मोड २ अधिक प्रचलित आहे. तरीही जो शिकविणार त्याचाच मोड घ्यावा. हाताला एकदा लागलेली सवय बदलणे अवघड असते. शिक्षकाचा व शिष्याचा ट्रान्समीटर एकमेकांना जोडता येत असतील, तर फारच उत्तम. विमान हाताबाहेर जाऊ लागताच शिक्षक एका खटक्याने ताबा घेऊ शकतो.

रिसीव्हरचा खर्च विसरू नये

एका कंपनीचा ट्रान्समीटर सहसा दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी बोलत नाही. फुटाबा, स्पेक्ट्रम, फ्लायस्काय यांच्या संकेतपद्धती वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक नव्या विमानात स्वतंत्र रिसीव्हर बसवायचा, तर त्याची किंमत आणि स्थानिक उपलब्धता आधी पाहावी. फ्लायस्काय एफएस-आय६ हा सहा वाहिन्यांचा संच कमी खर्चात सुरुवात करणाऱ्यांत लोकप्रिय आहे. रेडिओमास्टरच्या काही संचांत अनेक संकेतपद्धती सामावलेल्या असतात. मात्र त्यांची जुळणी शिकण्यास वेळ लागतो. संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येईल असाच संच घ्यावा. तिथल्या अपघातांना पैसे पडत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे ‘फेलसेफ’. संपर्क तुटताच मोटार बंद व्हावी अशी जुळणी प्रथम करावी. विमानाचा पंखा काढून ठेवून ट्रान्समीटर बंद करून पाहिला की ती झाली आहे किंवा नाही, हे समजते. एरवी मात्र ट्रान्समीटर सर्वांत आधी सुरू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा. कोलकात्याच्या दमट हवेत सेलची टोके गंजतात. म्हणून पावसाळ्यात संच बंद राहणार असेल, तर सेल काढून ठेवावेत.

उडवायचे कुठे?

ड्रोन नियम, २०२१ नुसार छंद वा शिक्षणासाठी उडविले जाणारे २५ किलोपर्यंतचे मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवावे लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवर जायचे असल्यास हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आवश्यक असते. त्याहून जवळ निर्बंध अधिक कडक आहेत. दमदम विमानतळामुळे सॉल्ट लेक आणि न्यू टाऊनमधील मोकळी मैदाने म्हणूनच फसवी ठरतात. शहराच्या मध्यभागी असलेले विस्तीर्ण मैदान लष्कराच्या अखत्यारीत आहे. तेव्हा घराबाहेर पडण्यापूर्वी शासनाचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. चैत्र-वैशाखातील कालबैसाखीची वादळे अचानक येतात. सरावाला हिवाळ्यातील शांत सकाळ उत्तम.

खरेदीपूर्वी जवळच्या मैदानावर उडविणाऱ्यांची भेट घेऊन ते कोणता संच वापरतात हे पाहावे. नव्या संचासोबत मदत करणारा माणूसही मिळाला, तर पहिले विमान थोडे अधिक काळ टिकते.