मागची खोली

"खोली आहे, पण एकट्या बाईला देत नाही आम्ही." पहिल्या घरी हे उत्तर मिळालं. दुसऱ्या घरी भाडं, डिपॉझिट सगळं ठरलं. मग तिला आधी विचारूनच मी खरं काय ते सांगितलं. तिला मानसिक आजार होता, औषधं चालू आहेत, आता ती कामावर जाते. मालकीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्याकडे लहान मुलं आहेत हो!"

तिसऱ्या घरच्या काकू रोखठोक. "अगं, तुझ्या घरामागची खोली दिवाळीपासून रिकामीच आहे ना? मग तिथेच ठेव की तिला!"

मैत्रिणींनो, मी गप्प बसले. दुसऱ्यांची दारं वाजवताना स्वतःची खोली मला आठवलीच नव्हती. की आठवायची नव्हती?

ती चाळिशीची. मनोरुग्णालयातून बरी होऊन भावाकडे आली. दोन खोल्यांत सहा माणसं, भावजयीला तरी काय दोष द्यायचा? पापडाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं, तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, मला माझी चूल हवी."

या मागणीला कायद्याचाही आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. घरचे नेत नाहीत किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. समाजात राहण्याचा हक्क आहे आणि आधारासह निवासाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेनं तर २०१५ पासून हे करून दाखवलंय. बरे झालेले चार-पाच जण वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात, सोबतीला मदतनीस असतात. पण आपल्या तालुक्याच्या गावात अशी सोय कुठली? इथे कायद्याची गाठ पडते ती घरमालकिणीशीच.

घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "रात्री-अपरात्री काही झालं तर?" प्रश्न खरा होता, माझ्याही मनातला होता. मग आम्ही सगळे एकत्र बसलो. भावाचा फोन नंबर, सिव्हिलमधल्या डॉक्टरांचा ओपीडीचा वार, औषधं संपण्याची तारीख, सगळं तिनं स्वतः एका वहीत लिहून दिलं. काही वाटलं तर '१४४१६' या सरकारच्या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करायचा, हेही लिहिलं. अकरा महिन्यांचा करार तिच्याच नावानं केला आणि रीतसर नोंदवला. भावाच्या नावावर नाही. घर तिचं, तर सही पण तिचीच.

श्रावणात एकदा सलग तीन रात्री तिच्या खोलीतला दिवा जळताना दिसला. चौथ्या दिवशी विचारलं, तर झोपच येत नव्हती. वही काढली, भावाला बोलावलं, दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. आठवड्यात ती कामावर हजर. खोटं कशाला बोलू, त्या तीन रात्री मलाही झोप नव्हती. 'खोली सोड' म्हणावं का, असंही मनात आलं होतं. पण आजारपणात कुणी भाडेकरूला बाहेर काढतं का? कावीळ झाली असती तर मी तिला मऊ भात नेऊन दिला असता.

आधार म्हणजे फार मोठं काही नाही. दिवा जळतोय एवढं कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि पुढे काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

परवा त्या काकू बाजारात भेटल्या. "कशी आहे गं तुझी भाडेकरू?"

"पाच तारखेला भाडं देते," मी म्हटलं.

काकू क्षणभर थांबल्या. "माझा तो नोकरीवाला तीन महिन्यांचं थकवून गेला बघ! तुझ्या ओळखीत अजून आहे का गं अशी कुणी?"