विश्लेषण : करिअरचा सर्वांत मोलाचा सल्ला कोणता? तो ओळखायचा कसा?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी सल्ल्यांचा हंगाम सुरू होतो. मामा म्हणतात इंजिनीअरिंग, शेजारचे काका म्हणतात सरकारी नोकरी, तर यूट्यूबवरचे वक्ते सांगतात ‘आवडेल तेच कर’. यातल्या एखाद्या सल्ल्याने आयुष्य मार्गी लागते, तर एखाद्यापायी उमेदीची पाच-सात वर्षे हातची जातात. अनेक नामवंतांनी आपल्याला मिळालेल्या मोलाच्या सल्ल्याविषयी सांगून ठेवले आहे. त्यातून काय शिकता येते आणि कुठे सावध राहायला हवे, याविषयी...

तेंडुलकर, कलाम, माशेलकर यांना काय सांगितले गेले?

सचिन तेंडुलकर १९८७ मध्ये मद्रासच्या (आताचे चेन्नई) एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, तो वेगवान गोलंदाज व्हायचे म्हणून. तेथे मार्गदर्शक होते कसोटीत ३५५ बळी घेणारे ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली. त्यांनी या मुलाला फलंदाजीवरच लक्ष देण्यास सुचवले. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या निवड चाचणीत २५ जणांतून आठ जण घ्यायचे होते आणि कलाम नववे आले. खचलेल्या मनाने ते हृषीकेशला स्वामी शिवानंदांना भेटले. हे अपयश विसर, आपल्यासाठी असलेली दुसरी वाट शोध, अशा अर्थाचा सल्ला त्यांना मिळाल्याचे कलाम यांनी ‘अग्निपंख’मध्ये लिहिले आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांची गोष्ट मुंबईच्या शाळेतली. भिंगाने सूर्याचे किरण एका बिंदूवर आणले, की कागद जळतो, हे त्यांच्या भावे सरांनी उन्हात प्रयोग करून दाखवले. आपली शक्ती अशी एकवटली, तर काहीही साध्य होते, हा त्यातला धडा माशेलकर आजही सांगतात.

मग हे सल्ले परस्परविरोधी नाहीत का?

वरवर पाहता आहेत. एक जण ‘एकाच गोष्टीवर लक्ष दे’ म्हणतो, दुसरा ‘ही गोष्ट सोड’ म्हणतो. पण कोणताही सल्ला प्रसंगापासून तोडला, की त्याचे नुसते सुभाषित होते. लिलींचा सल्ला जाणकाराचा होता. गोलंदाजी म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कमी लोकांना ठाऊक होते आणि समोर कोण उभा आहे, हे ते पाहत होते. कलाम यांच्या हातात तर निकालच होता. शिवाय त्यांच्याकडे विमान अभियांत्रिकीचे शिक्षण होते आणि संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास विभागासाठी दिल्लीत मुलाखतही देऊन झाली होती. म्हणजे एक दार बंद झाले, तेव्हा दुसरे आधीच किलकिले होते. तेथे ते २५० रुपये पगारावर रुजू झाले. ‘सोडून दे’ हा सल्ला उपयोगी पडला तो या तयारीमुळे.

‘आवडेल तेच करा’ यात अडचण काय?

अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणानंतर हा सल्ला जगभर गेला. आवडते काम मिळेपर्यंत शोधत राहा, असा त्याचा आशय होता. पण आवड ही कुठेतरी तयार असते आणि ती फक्त सापडायची असते, हे गृहीतकच तपासून पाहायला हवे. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आवड ठरलेलीच असते असे मानणाऱ्यांचा उत्साह विषय अवघड होताच लवकर मावळतो. आवड हळूहळू घडते असे मानणारे तुलनेने टिकून राहतात. अनेकदा आधी कामात हात बसतो आणि मग ते आवडू लागते.

यशस्वी लोकांचा सल्ला फसवा कसा ठरतो?

दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे जास्त आहेत, हे पाहून तेथे चिलखत लावावे असा विचार सुरू होता. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड यांनी विचार उलटा करायला लावला. जी विमाने परतलीच नाहीत, त्यांना गोळ्या दुसरीकडे लागल्या असणार. करिअरच्या सल्ल्यातही आपण परत आलेलीच विमाने पाहतो.

यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले आणि शिफारस झाली १,००९ जणांची. म्हणजे सुमारे ५७८ जणांमागे एक. त्या एकाच्या सत्कारात ‘जिद्द सोडू नका’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे नसते. पण उरलेल्या ५७७ जणांतही जिद्दी उमेदवार होतेच आणि त्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही. पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत सहावे-सातवे वर्ष काढणाऱ्या मुलांना या वाक्याची किंमत विचारा. काही अधिकारी स्वतःच आता ‘प्लॅन बी’ आधी ठरवा म्हणून सांगतात, तो सल्ला म्हणूनच अधिक प्रामाणिक आहे.

सल्ला घरच्यांचा घ्यावा की बाहेरच्यांचा?

घरच्यांना आपली काळजी असते, पण त्यांना दिसणारे जग बहुतेकदा आपल्याला दिसते तेवढेच असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या शोधनिबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अनुभव मांडला. त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत होती. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होई. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानेही, फार जवळच्या नसलेल्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात, हे दाखवले. आधारासाठी घर आणि माहितीसाठी बाहेरचे, ही विभागणी त्यामुळे बरी.

मग मोलाचा सल्ला ओळखायचा कसा?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, सल्ला देणाऱ्याने आपले काम पाहिले आहे का? दुसरा, काय करू नये, हे तो सांगतो का? गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, गोलंदाजी सोड म्हणणारा लिली क्वचित भेटतो. तिसरा, त्या सल्ल्याला काही मुदत आहे का? ‘प्रयत्न करत राहा’ यापेक्षा ‘आणखी दोन प्रयत्न कर, तोवर हातात एक कौशल्य ठेव’ हे कितीतरी उपयोगी. विचारणाऱ्यानेही ‘मी काय करू?’ असे मोघम विचारू नये. आपल्या तीन परीक्षांचे गुण किंवा केलेल्या कामाचा नमुना समोर ठेवावा आणि ‘यात कुठे कमी पडतो?’ असे विचारावे. त्याचे उत्तर कदाचित झोंबेल, पण ते आपल्यापुरते असेल.