माळरान म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे

बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला गेलेले अनेकजण म्हणतात, ‘इथं जंगल कुठंय?’ ते जंगल नाहीच. ते सॅव्हाना आहे.

सॅव्हाना ओळखायचं ते झाडं मोजून नव्हे, पायाखाली बघून. जमिनीवर सलग गवत आणि त्यात विरळ झाडं, ही त्याची खूण. हे गवत बहुतेक ‘सी-४’ प्रकारचं, म्हणजे कडक उन्हात जोमानं वाढणारं. दाट सावलीत ते तगत नाही. आपल्याकडची कुसळी घ्या. तिच्या बीला लांब, पीळ पडलेलं कुसळ असतं. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्यात पुन्हा बसतो आणि या हालचालीनं बी मातीत रुततं. वणवा लागला तरी मातीखाली ते वाचू शकतं. पळसही जळून गेल्यावर मुळापासून फुटतो.

पाऊस, माती, वणवा आणि चरणारी जनावरं मिळून झाडांची गर्दी रोखतात. असा माळ ओळखण्यात घोळ होतो तो सरकारी व्याख्येमुळे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या नकाशात किमान १ हेक्टर जमिनीवर १० टक्के वृक्षछाया असली की ते वनाच्छादन, मग खाली गवत असो वा नसो. त्याहून विरळ माळ मात्र बऱ्याचदा ‘पडीक’ ठरतो आणि तिथं ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडं लावली जातात. सावली वाढते, गवत मरतं. लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळ तिघांचाही आसरा जातो. अशा वृक्षारोपणाला पर्यावरणरक्षण म्हणणं मला मुळीच पटत नाही.